रंग नसलेली ज्योत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रसायनशास्त्र शिकवत होतो तेव्हा प्रात्यक्षिकांच्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हा प्रश्न विचारत असे, आणि निवृत्तीनंतर भेटणारे जुने विद्यार्थीही तोच विचारतात: प्रयोगशाळेत गॅसवर चालणारा बुन्सेन बर्नर बुन्सेन यांनी स्वतः बनवलाच नव्हता म्हणतात, मग नाव त्यांचेच का टिकले?

शंका रास्त आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन १८५२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या विद्यापीठात आले आणि पुढे तीन वर्षांत त्यांची नवी प्रयोगशाळा उभी राहिली. शहरात दिवाबत्तीसाठी आलेला दगडी कोळशाचा गॅस तेथे तापवण्यासाठीही वापरायचा होता, पण त्या वेळच्या गॅसच्या ज्योती पिवळ्या पडत आणि भांड्यांवर काजळी धरत. गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळून घ्यावी ही कल्पना बुन्सेन यांनी सांगितली, ती धातूत उतरवली विद्यापीठातले कुशल कारागीर पेटर डेसागा यांनी, आणि या दिशेने मायकेल फॅरडे यांचे काम आधीच झालेले होते. बुन्सेन यांनी आपले इंग्रज सहकारी हेन्री रॉस्को यांच्यासह १८५७ मध्ये बर्नरचे वर्णन प्रसिद्ध केले, पेटंट मात्र घेतले नाही.

एवढ्यावर थांबले तर ही कीर्ती उसनी वाटेल. मला ती तशी वाटत नाही, कारण या बर्नरचा खरा गुण त्याच्या उष्णतेत नसून त्याच्या ज्योतीला जवळजवळ रंगच नसण्यात आहे. ज्योत पिवळी दिसते ती तिच्यात तापून उजळलेल्या कार्बनच्या कणांमुळे. पुरेशी हवा मिळाली की ते कण उरत नाहीत, आणि अशा ज्योतीत प्लॅटिनमच्या तारेवर एखाद्या क्षाराचा कण धरला तर दिसणारा रंग त्या क्षाराचाच असतो. अडचण एवढीच, की सोडियमचा पिवळा रंग बाकीच्यांना झाकून टाकतो. बुन्सेन रंगीत काचा आणि रंगीत द्रावणे यांतून ज्योत पाहत, तेव्हा त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ सहकारी गुस्ताव किर्खहोफ यांनी सुचवले की त्याऐवजी प्रकाश लोलकातून पाहावा. त्यातून १८५९ च्या सुमारास दोघांचा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगवेगळे करून त्यांचा पट्टा (वर्णपट) दाखवणारे उपकरण, तयार झाला, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक जागी उमटणाऱ्या रेषांवरून ते ओळखता येऊ लागले.

पुढच्या कामाविषयी बोलताना मी आजही हरखून जातो. ड्युर्कहाइम येथील झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्याच्या वर्णपटात त्यांना दोन निळ्या रेषा दिसल्या, ज्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या. रेषा दिसल्या म्हणून १८६० मध्ये त्यांनी सीझियमची घोषणा केली खरी, पण पदार्थ हातात यावा म्हणून सुमारे ४४,००० लिटर पाणी आटवले, आणि त्यातून सीझियमचे क्लोराइड मिळाले जेमतेम ७ ग्रॅम. नाव आकाशाच्या निळेपणावरून लॅटिनमधून घेतले. पुढच्याच वर्षी सापडलेल्या रुबिडियमचे नाव तसेच त्याच्या गडद लाल रेषांवरून आले. ज्याचा एक कणही कोणी वेगळा करून पाहिलेला नाही असे मूलद्रव्य केवळ प्रकाशावरून सांगता येते, ही गोष्ट तोवर कोणाच्या अनुभवात नव्हती. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आपल्याकडे गुंटूर येथे सूर्याच्या ज्वाला पाहिल्या त्या वर्णपटदर्शकातूनच, आणि त्याच वर्षी सूर्यप्रकाशात सापडलेल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमची कल्पना मांडली गेली.

बुन्सेन यांच्या इतर कामांकडे मात्र आज फारसे कोणी वळत नाही. तरुणपणी आर्सेनिकच्या कॅकोडिल संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी जे काही पाहिले, रेषांसह, ते एका डोळ्याने.

म्हणून नाव चुकीच्या वस्तूवर बसले आहे असे मी म्हणत नाही. वस्तू बरोबर आहे, फक्त मुलांना तिचे कारण सांगितले जात नाही. मी फळ्यावर नेहमी डेसागा यांचेही नाव लिहीत असे. मग बर्नरच्या तळाची कडी फिरवून हवेचे छिद्र पूर्ण उघडत असे, ज्योत फिकट निळी होऊन दिसेनाशी झाली की तारेच्या टोकावर मिठाचा एक खडा तिच्यात धरत असे, आणि मुलांना विचारत असे की हा पिवळा रंग आता कोणाचा.