तुम्ही विचारलंत म्हणून: ती मुलं वर आली का?

नाही आली. निदान टीव्हीवर तरी नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे, कारण विचारणारे सगळे मी लिहिलेली ती कार्टून मालिका लहानपणी पाहिलेलेच असतात. बारवेत उतरलेली चार मुलं, पायऱ्यांच्या तळाशी लागलेला तो दुसरा मुलूख, ती शेळी. लग्नात विचारतात, कर्वे रोडला औषधांच्या दुकानात विचारतात. एका डेंटिस्टने तर माझ्या तोंडात ड्रिल असताना विचारलं. सगळ्यांच्या आवाजात थोडा आरोप असतो, की बाईंनी शेवट दडवून ठेवलाय.

ठेवलाय. म्हणजे लिहिला होता. 11-11 मिनिटांचे दोन भाग, सलग दाखवले की अर्ध्या तासाचा स्लॉट भरेल असे. ते घेऊन डेक्कन क्वीनने मुंबईला गेले. चॅनेलच्या मीटिंगमध्ये पहिली हरकत निघाली ती बारवेच्या तोंडाशी जमलेल्या गावाची. शूटिंगला माणसं गोळा करता येतात. इथे गर्दीतलं प्रत्येक डोकं कुणीतरी काढायचं, हलवायचं. गाव कापलं. एक आजी ठेवली. मग मुलांच्या मागे चढत येणारं पाणी. पाणी महाग पडतं, म्हणून पाण्याऐवजी अंधार चढायला लागला. (हा बदल उत्तम झाला. अंधार जास्त भीतीदायक, आणि जवळजवळ फुकट.) इथवर मी खुशीत होते.

मग इतका वेळ फोनमध्ये मान घालून बसलेली प्रोग्रॅमिंगची, म्हणजे काय कधी दाखवायचं ते ठरवणारी, मुलगी म्हणाली, “बच्चे घर पहुँच गए, तो सोमवार को क्या दिखाएँगे?”

मी हसले. दुसरं कुणी हसलं नाही. तिने शांतपणे समजावलं. चॅनेल भाग क्रमाने दाखवत नाही. सकाळचाच भाग दुपारी लागतो, मे महिन्याच्या सुट्टीत तर दिवसभर कुठलाही. मंगळवारी घरी पोचलेली मुलं बुधवारी पुन्हा रानात हरवलेली दिसली, तर बघणाऱ्याने काय समजायचं? म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र हवा, आणि जिथे सुरू झाला तिथेच परत यायला हवा. तिचं चुकत नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. मुलांना शेवट हवा असतो, शेवट न देणं ही फसवणूक आहे, असं मी बरंच काही बोलले. माझं संपल्यावर ती मराठीत म्हणाली, “ताई, मुलांना शेळी हवी असते.”

तिथेच बसून मी नवा शेवट लिहिला. मुलं शेवटच्या पायरीवर येतात, वर ऊन दिसतंय, मागे वळून बघतात तर शेळी नाही. चौघं एकमेकांकडे बघतात आणि खाली पळतात. सगळ्यांना आवडला. पुढचा सीझन आलाच नाही, त्यामुळे तोच कायमचा शेवट झाला.

हा शेवट चॅनेलने माझ्या गळ्यात मारला असं लोक म्हणतात, आणि मी बरीच वर्षं म्हणू दिलं. पण शेळी मागे राहण्याची कल्पना माझीच. आणि वाईट का आहे ती? शेळीला खाली सोडून घरी जेवायला गेलेली मुलं तुम्हाला आवडली असती? आवडली असती बहुतेक. तुम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतात, तुम्हाला ती घरी हवी होती. तेही मला मान्य आहे.

मग त्या अमेरिकन मालिकेचा दाखला येतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, सीबीएसवर, 1983 ते 1985, 27 भाग. तिथलीही मुलं परक्या मुलखात अडकलेलीच राहिली. मायकल रीव्ह्ज यांनी लिहिलेली अखेरच्या भागाची पटकथा बनलीच नाही. पुढे त्यांनी ती लोकांना वाचायला दिली. “मग तुम्हीही द्या की!” माझ्या करारात कथा, पात्रं, नावं सगळं ‘अखिल विश्वात आणि कायमचं’ लिहून दिलेलं आहे. सही करताना मंगळावर कोण बघणार म्हणून मीच हसले होते. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, लेखकाचा रॉयल्टीचा हक्क त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही असं झालं. पण रॉयल्टी वेगळी, पात्रं वेगळी. शेळीसुद्धा माझी नाही.

तरी करार हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे मला खेळांनी बिघडवलं. ती अमेरिकन मालिका ज्या खेळावरून निघाली, 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला, तसल्याच खेळांसाठी मी आता साहसं लिहिते. टेबलाभोवती बसायचं, एकाने खेळ चालवायचा, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असले खेळ. परदेशी प्रकाशक, शब्दावर पैसे. तिथे शेवट लिहून दिला तर संपादक परत पाठवतो. जागा लिहायची, कुणाला काय हवंय ते लिहायचं, कुणी आडवं आलं नाही तर काय घडेल ते लिहायचं. पुढचं खेळणारे बघतात. तुम्ही राजवाड्यावर पानंच्या पानं खर्च करावीत आणि त्यांनी वेशीवरच्या खानावळीला आग लावून पळून जावं, हे रोजचंच.

एकदा सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटवर मी स्वतः खेळ चालवत होते. चार जण, सगळे आयटीतले. साहसात मी एक विहीर घातली होती. (मुलं नाहीत, शेळी नाही, वकिलांनी निश्चिंत राहावं.) वर जायचा रस्ता मोकळा होता, फासे टाकायचीही गरज नव्हती. पण घरी गेल्यावर कुणाला काय सांगायचं यावरून चौघांचं जे जुंपलं, ते मध्यरात्र उलटली तरी मिटेना. मी गप्प बसून ऐकत होते. आजवर लिहिलेल्या कुठल्याही शेवटापेक्षा मला ते भांडण आवडलं. सकाळी ऑफिस म्हणून उठले. पुढच्या महिन्यात एकाची बदली बंगळुरूला झाली, मग जमलंच नाही. म्हणजे तेही चौघं खालीच आहेत.

आता त्या मीटिंगमधली मी हे वाचेल तर म्हणेल, शेवट जमत नाही म्हणून खेळांचं कौतुक चाललंय. म्हणू दे. करारातला शेवटचा हप्ता पटकथा मंजूर झाल्यावर मिळणार होता, आणि तो सुटला तो शेळीमुळेच.