उत्तर फ्लोरिडाच्या झऱ्यांखालचे दोन दिवस

शुक्रवारी ऑफिस आटोपून मी आणि माझी मैत्रीण अटलांटाहून निघालो आणि इंटरस्टेट 75 धरून सरळ दक्षिणेला लागलो. मागे चार जोड-टाक्या, ड्रायसूटच्या पिशव्या, गुहेत वाट दाखवणारी दोरी गुंडाळलेल्या रिळांचा डबा आणि चार्ज करून ठेवलेले दिवे. हाय स्प्रिंग्ज गावात पोचेस्तोवर रात्रीचे साडेअकरा झाले. गाव छोटं आहे, पण जगभरातले पाण्याखालच्या गुहांमध्ये डायव्हिंग करणारे लोक इथे कधी ना कधी येऊन जातात. आजूबाजूला सगळा चुनखडीचा प्रदेश. पावसाचं पाणी त्या दगडात मुरतं, त्याला आतून पोखरतं आणि झऱ्यांमधून पुन्हा वर येतं. त्या झऱ्यांच्या तोंडातून आत शिरायचं, हाच आमचा शनिवार-रविवार.

आम्ही मुद्दाम जानेवारी निवडला होता. उन्हाळ्यात या झऱ्यांवर ट्यूब घेऊन तरंगणाऱ्यांची जत्रा असते, सामान घेऊन पाण्यापर्यंत जाणंसुद्धा अवघड होतं. थंडीत गर्दी नसते, आणि झऱ्याचं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपासच असतं. सकाळी बाहेर दात वाजत होते आणि पाण्यावरून वाफ निघत होती. पण 22 अंश ऐकून पातळ वेटसूट घेऊन येऊ नका. पहिल्या वीस मिनिटांत काही वाटत नाही; दीड तासाने बोटं रिळाची कडी उघडायला नकार देतात. ड्रायसूट नसेल तर 7 मिमीचा वेटसूट आणि हूड हवाच.

निघण्याआधी नदीची पातळी बघा. इथले बहुतेक झरे सुवानी किंवा सांता फे नदीला मिळतात. पावसाने नदी फुगली की तिचं चहासारखं तपकिरी पाणी उलटं झऱ्यात शिरतं आणि गुहेत हातभर अंतरावरचंही दिसेनासं होतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा लुरावील इथला पाणीपातळीचा आकडा आम्ही आठवडाभर रोज बघत होतो. पातळी चढती असेल तर बेत पुढे ढकला. पार्कला फोन करून झरा उघडा आहे का हेही विचारून घ्या, पाच तास गाडी चालवून बंद फाटक बघायची वेळ येऊ नये.

शनिवार पीकॉकसाठी ठेवला होता. वेस स्काइल्स पीकॉक स्प्रिंग्ज स्टेट पार्क लुरावीलजवळच्या ओकच्या रानात आहे. वेस स्काइल्स हे गुहांमध्ये चित्रीकरण करणारे मोठे डायव्हर. 2010 मध्ये ते गेले, त्यानंतर पार्कला त्यांचं नाव दिलं. कॅव्हर्न (गुहेचा बाहेरचा उजेड पोचतो तेवढा भाग) किंवा केव्ह (त्यापुढची अंधारी गुहा) डायव्हिंगचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय गुहेत उतरता येत नाही आणि एकट्याने उतरायला मनाई आहे. पार्कात टाक्या भरायची सोय नाही, तेव्हा भरलेल्या टाक्या घेऊनच या.

टाकीतला वायू स्वतः तपासा, दुकानातल्या चिठ्ठीवर विसंबू नका. आमच्या टाक्यांत 32 टक्के नायट्रॉक्स होता, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण 32 टक्क्यांपर्यंत वाढवलेली हवा. ऑक्सिजनच्या दाबाच्या 1.4 या मर्यादेने ती 111 फुटांपर्यंत चालते. पीकॉकमधल्या आमच्या वाटा त्याहून बऱ्याच उथळ आहेत.

पाण्यात उतरण्याआधी आम्ही दोन झाडांमध्ये दोरी बांधली आणि डोळे मिटून, अंगठा आणि तर्जनीचं कडं दोरीभोवती धरून चाललो. पुढचीने थांबायचं तेव्हा मागचीला हात दाबून कळवायचं. दोघींनी हे शेकडो वेळा केलंय, तरी दर ट्रिपला पहिल्या डायव्हआधी करतो. श्वास घ्यायच्या सात फुटी नळीवरून (होजवरून) एकमेकींना वायू देण्याचा सरावही त्यात आलाच. पार्किंगमधले लोक बघत असतात, बघू देत.

मग हिशेब. माझ्या टाक्यांत वायूचा दाब 3,400 पीएसआय होता, तिच्यात 3,600, टाक्या एकाच मापाच्या. तिसऱ्या हिश्शाचा नियम म्हणजे एक हिस्सा आत जायला, एक परतायला आणि एक अडचणीसाठी राखीव. जिच्याकडे कमी तिचा आकडा दोघींना लागू: 3,400 चा तिसरा हिस्सा अकराशेच्या थोडा वर, म्हणजे 1,100. मी 2,300 ला वळायचं, तिने 2,500 ला. पण पीकॉकमध्ये आम्ही इतकंही वापरलं नाही. चौथा हिस्सा धरून तो आकडा खाली 800 वर आणला. मी 2,600 ला वळणार, ती 2,800 ला. कारण पीकॉकमध्ये प्रवाह जवळजवळ नाहीच. आत जायला जितका वेळ लागतो तितकाच बाहेर यायला, आणि मध्ये गाळ उठला तर दोरीवर हात ठेवून इंच इंच सरकताना त्याच्या दुप्पट. तिसरा हिस्सा ही वरची मर्यादा आहे, तेवढा वापरलाच पाहिजे असं नाही. नव्या लोकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

पहिली डायव्ह पीनट टनेलची. उघड्या पाण्यात जाड ओंडक्याला रिळाची पहिली गाठ, थोडं आत, उजेड दिसत असतानाच, दुसरी. मग तो फलक येतो, हातात कोयता घेतलेल्या सांगाड्याचा: प्रशिक्षण नसेल तर इथून पुढे जाऊ नका. कितीही वेळा दिसला तरी मी त्याच्यासमोर क्षणभर थांबते. त्यापुढे कायमची जाड सोनेरी दोरी लागते. तिला आपली दोरी बांधली, बाहेरच्या दिशेने टोक करून बाण लावला, त्याला हात लावून दोघींनी खात्री केली आणि पुढे निघालो.

पाणी इतकं स्वच्छ की दिव्याचा झोत धरला नसता तर मधे पाणी आहे हे कळलंच नसतं. भिंतीतल्या चुनखडीत समुद्री जिवांचे ठसे जागोजागी आहेत. हा दगड सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा इथे उथळ समुद्र होता. एका कोनाड्यात पांढरा, बोटाएवढा क्रेफिश बसला होता. त्याला डोळ्यांचा उपयोग नाही आणि अंगावर रंगही नाही. मी दिवा बाजूला वळवून त्याच्या मिशांची हालचाल बघितली. आधी एक मिशी पुढे आली, पाण्यात काहीतरी चाचपलं, मग दुसरी. माझ्या बुडबुड्यांनी छतावरून गंजासारखी भुकटी खाली यायला लागली तशी मी सरकले. प्रवाह नसलेल्या गुहेत आपला श्वाससुद्धा गाळ पाडतो, हे विसरू नका. फिन जमिनीपासून वर, गुडघे वाकवलेले, बेडकासारखी किक. शिकवताना याच गोष्टीवर सगळ्यात जास्त घासून का घेतात ते इथे कळतं.

दुपारी दुसरी डायव्ह, पॉटहोलच्या बाजूने ऑल्सन सिंककडे. सिंक म्हणजे जमीन खचून गुहेला वरून पडलेलं तोंड. ऑल्सनला उजेड दिसेपर्यंत जायचं आणि परतायचं असा बेत होता. मी पुढे होते. पॉटहोल सिंक मागे टाकून थोडं गेलो असू, तेव्हा तिच्या दिव्याचा झोत माझ्या झोताशेजारी येऊन थांबला आणि सावकाश आडवा हलला. वळून बघते तर तिचा अंगठा वर. मी अंगठा दाखवला, जागच्या जागी वळले, आता ती पुढे आणि मी मागे. दोघींकडे वायू भरपूर होता, दिवे नीट होते, पाणी नितळ होतं.

पायऱ्यांवर बसून हूड काढल्यावर ती म्हणाली, "अगं, काही झालं नव्हतं. पण आज पुढे जायला मन घेईना."

"बरं केलंस," मी म्हटलं.

आणि खरंच बरं केलं. अंगठा वर गेला की डायव्ह संपली, कारण विचारायचं नाही, हा नियम प्रत्येक वर्गात शिकवतात. पण तो पाळणं सोपं व्हायला सोबतही तशी लागते. पाच तास गाडी चालवून आलोय, ऑल्सन समोर आहे, आता काय परतायचं, असा भाव समोरच्याच्या चेहऱ्यावर एकदा जरी दिसला तरी पुढच्या वेळी तो अंगठा वर जायला दोन मिनिटं उशीर होतो. बरोबर येणारी व्यक्ती निवडताना मी तिचं कौशल्य बघते, पण त्याआधी हे बघते की तिला थांबता येतं का आणि मला थांबू देते का.

परतण्याआधी ऑरेंज ग्रोव्ह सिंकवर जरूर जा, उतरायचं नसलं तरी. सगळं पाणी हिरव्या टिकलीएवढ्या पानांनी झाकलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिथे उतरलो होतो: हाताने पानं बाजूला सारून डोकं खाली घातलं तर वरून सगळा उजेड हिरवा होऊन उतरत होता, आणि आमच्या मागे ते छप्पर हळूहळू मिटत गेलं.

रविवारी जिनी स्प्रिंग्ज. ही खाजगी जागा, हाय स्प्रिंग्जजवळ सांता फे नदीच्या काठी. इथे नवशिक्यांसाठीही जिनीचं बॉलरूम आहे: मोठी कॅव्हर्न, आणि पुढे गुहेत कुणी जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी बसवलेली. साध्या ओपन वॉटर (उघड्या पाण्यातल्या डायव्हिंगच्या) प्रमाणपत्रावर तिथे दिवा घेऊन उतरता येतं. पण शेजारच्या डेव्हिल्स झऱ्यांमध्ये साध्या डायव्हरला दिवा न्यायला बंदी आहे. माझ्या मते हा अतिशय शहाणपणाचा नियम आहे. हातात दिवा नसेल तर माणूस अंधाराच्या कडेवरूनच परत फिरतो. तुमच्या ग्रुपमध्ये असा साधा डायव्हर असेल तर त्याच्याशी नियमावरून वाद घालू नका, त्याला बॉलरूमला घेऊन जा.

या डेव्हिल्स झऱ्यांपैकी डेव्हिल्स इअर म्हणजे पीकॉकच्या अगदी उलट. झऱ्याचं नितळ पाणी नदीच्या तपकिरी पाण्याला मिळतं तिथेच कपारीचं तोंड आहे आणि त्यातून पाणी अंगावर ढकलत बाहेर येतं. डिकॉम्प्रेशनसाठी, म्हणजे वर येताना थांबून अंगात साठलेला वायू बाहेर पडू देण्यासाठी, लागणारी ऑक्सिजनची छोटी टाकी वीस फुटांवर बांधून, व्हॉल्व्ह बंद करून ठेवली आणि डोकं खाली करून आत शिरलो. इथे नुसते पाय मारून उपयोग नाही. गुळगुळीत झालेला पक्का दगड बोटांच्या टोकांनी धरायचा, अंग पुढे ओढायचं, सरकायचं, पुढचा दगड. मातीच्या उतारांना हात लावायचा नाही, ती खूण पुसली जात नाही. मधोमध प्रवाह सगळ्यात जोरात असतो. भिंतीच्या आणि तळाच्या जवळ राहिलं की निम्मे कष्ट वाचतात.

माझी चूक गॅलरी नावाचा गुहेचा सुरुवातीचा भाग ओलांडल्यावर झाली. पुढे लिप्स नावाची चपटी जागा आहे, तिथे पाणी दाबून येतं. एक पकड निसटली म्हणून मी जोरात पाय मारले, मग आणखी जोरात. काही सेकंदांत श्वास लहान आणि भराभर झाला. रेग्युलेटर (टाकीतला वायू तोंडाशी देणारं उपकरण) हवं तितकं देत नाही असं वाटायला लागलं. रेग्युलेटर नीट होता. नव्वद फुटांवर वायू दाट असतो, अंगमेहनतीने कार्बन डायॉक्साइड साठतो आणि तो डोक्यात भीती बनून येतो. मी दगड धरला, दिवा आडवा हलवून तिला थांबवलं आणि श्वास पूर्ण, अगदी तळापासून, बाहेर सोडायला लागले. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष ठेवायचं. तीन मिनिटं लागली. ती तोवर माझ्या नजरेसमोर, हातभर अंतरावर, दगड धरून स्थिर होती. मग मी काटा बघितला. वळायच्या आकड्याला अजून अवकाश होता, पण त्या तीन मिनिटांत मी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वायू खाल्ला होता. पुढचा कीहोल नावाचा टप्पा राहू दे म्हटलं आणि या वेळी अंगठा मी वर केला.

बाहेर येताना हाच प्रवाह पाठीवर घेतो. आत जायला लागलेल्या वेळेच्या निम्म्यात बाहेर. म्हणून इथे तिसरा हिस्सा पुरून उरतो, आणि म्हणूनच इथे सवय झालेली माणसं पीकॉकमध्ये तोच हिशेब घेऊन जातात तेव्हा मला काळजी वाटते. दोन्ही गुहा एकाच वीकेंडला करणार असाल तर शांत पाण्याची आधी करा, शिस्त तिथे लागते. वाहत्या गुहेतून बाहेर येताना घाई मात्र करू नका: रीळ गुंडाळणारी मागे राहते, पाणी पुढे ढकलतं, दोरी सैल पडते आणि सैल दोरी टाकीच्या व्हॉल्व्हवर अडकते. बाहेर येताना रीळ माझ्याकडे होतं. मी एका हाताने दगड धरून गुंडाळत होते आणि ती दोन हात पुढे थांबत थांबत जात होती.

1970 च्या दशकात नामवंत केव्ह डायव्हर शेक एक्सली यांनी फ्लोरिडातल्या गुहांमधल्या अपघातांचा अभ्यास केला होता. त्यांना पुन्हा पुन्हा तीनच गोष्टी सापडल्या: बाहेरपर्यंत अखंड दोरी नाही, परतीसाठी दोन-तृतीयांश हवा राखलेली नाही, आणि टाकीत साधी हवा घेऊन फार खोल जाणं. पुढे त्यात प्रशिक्षण आणि तीन दिवे यांची भर पडली. एवढ्या वर्षांनीही मी डायव्हआधी याच पाच गोष्टी ओळीने मोठ्याने म्हणते आणि मैत्रीण दोरी, काटा, दिवे असं एकेकाला हात लावून दाखवते. तुम्हीही म्हणा.

वीस फुटांवर ऑक्सिजन घेत आम्ही इअरच्या तोंडाशी लटकलो होतो. खाली निळं पाणी, वर नदीचा तांबूस थर, आणि दोन्ही मिळतात त्या रेषेवरून सूर्याचा उजेड कधी पिवळा तर कधी हिरवा होऊन हलत होता. एक कासव त्या थरातून खाली आलं, आमच्या बुडबुड्यांभोवती फिरलं आणि परत तपकिरी पाण्यात गेलं. ती माझ्या काट्याकडे बोट दाखवत होती: अजून चार मिनिटं.

विमानाने आला असाल तर शेवटच्या डायव्हनंतर डिकॉम्प्रेशन झालं असेल तेव्हा किमान पूर्ण दिवस जमिनीवर राहा. परतीचं तिकीट सोमवार दुपारनंतरचं काढा. आम्ही गाडीने होतो. सामान वाळवायला झाडावर टांगलं, टाक्या रिकाम्याच घेतल्या आणि अंधार पडायच्या आत निघालो. लेक सिटीच्या पुढे ती म्हणाली, पुढच्या महिन्यात नदी उतरलेली असली तर ऑल्सनला परत जाऊ. मी लुरावीलची पातळी उघडून बघितली.