तोंड नाही, आतडं नाही, मग हा खातो काय?

रिफ्टियाचा फोटो दाखवला की पुढचा प्रश्न ठरलेला. शाळेतली मुलं विचारतात, त्यांना न्यायला आलेले आजोबाही विचारतात: याला तोंड नाही, आतडं नाही, मग हा खातो काय? आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिफ्टिया हा ट्यूबवर्म, म्हणजे नळीत राहणारा समुद्री किडा, गांडुळं आणि जळवांच्या गोतावळ्यातला. पण लांबी दीड-दोन मीटर, आणि मुक्काम पूर्व पॅसिफिकच्या तळाशी, सुमारे अडीच हजार मीटर खोल, जिथे जमिनीतून गरम पाण्याचे झरे फुटतात तिथे. १९७७ साली 'आल्विन' पाणबुडी गालापागोसजवळ उतरली ती हे झरे शोधायला. मोहिमेत सगळे भूगर्भवाले, जीवशास्त्रज्ञ एकही नाही. नमुने टिकवायला पुरेसं फॉर्मलिनही नव्हतं, म्हणून काही प्राणी चक्क रशियन व्होडकात घालून आणले!

उत्तर सुचलं ते हार्वर्डमधल्या एका विद्यार्थिनीला. १९८० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मेरेडिथ जोन्स यांनी तिथल्या व्याख्यानात सांगितलं, की या प्राण्याच्या अंगात गंधकाचे स्फटिक सापडतात. ही विद्यार्थिनी, कॉलीन कॅव्हनॉ, तिथेच उठून म्हणाली, मग आत गंधकावर जगणारे जिवाणू असणार. पुढच्याच वर्षी पुरावा छापून आला. रिफ्टियाच्या धडात एक स्पंजासारखा अवयव असतो, ट्रोफोसोम. तो या जिवाणूंनी खच्चून भरलेला. झऱ्याच्या पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइड या गंधकाच्या संयुगातून ऊर्जा काढायची आणि तिच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवायचं, हे त्यांचं काम. त्यातलं काही अन्न रिफ्टियाला मिळतं, शिवाय तो जिवाणूही पचवतो. म्हणजे घरातच शेती आणि शेतकऱ्यावरही ताव.

मला स्वतःला खरी गंमत वाटते ती रक्ताची. सल्फाइड जहाल विष आहे. सायनाइड पेशीतलं जे एन्झाइम बंद पाडतं, तेच हेही बंद पाडतं. पण जिवाणूंना सल्फाइडही हवं आणि ऑक्सिजनही, आणि दोन्ही तिथवर पोचवायचं रक्तानेच. रिफ्टियाचा तो लालभडक पिसारा दोन्ही पाण्यातून ओढून घेतो, आणि त्याचं हिमोग्लोबिन दोघांना वेगवेगळ्या जागी धरून नेतं. त्यामुळे ऑक्सिजनची जागा सल्फाइड अडवत नाही आणि बांधलेलं सल्फाइड वाटेत कुणाला बाधत नाही. २०२२ मध्ये रिफ्टियाचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा संच, छापून आला, त्यात एका प्रकारच्या हिमोग्लोबिनच्या जनुकांची संख्या चांगलीच वाढलेली दिसली. उलट अमिनो आम्लं बनवायची बरीच जनुकं गायब. जिवाणू पुरवतात म्हटल्यावर ती कोण सांभाळणार?

एवढं अवलंबून असूनही आईबाप पोरांना जिवाणू देत नाहीत. अळी बाहेर पडते ती कोरी. थंड पाण्यात अंड्यातल्या चरबीवर ती महिनाभर तग धरू शकते. तळाशी टेकली की पाण्यातले जिवाणू तिच्या कातडीतून आत शिरतात, हे २००६ मध्ये दिसून आलं. त्या कोवळ्या वयात तोंड आणि आतडं असतं बरं का, पुढे ते नाहीसं होतं. आणि रिफ्टिया मेला की आतले जिवाणू पुन्हा समुद्रात सुटतात, पुढच्या अळीसाठी.

'सूर्याशिवाय जगणारा प्राणी' असे मथळे येतात, ते मात्र मला पटत नाहीत. जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन वरून आलेला आहे, सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या वनस्पती आणि शैवालांनी बनवलेला. उद्या सूर्य विझला तर रिफ्टियाही फार काळ टिकायचा नाही.

आणि हो, आपल्याकडे आहे का? रिफ्टिया नाही, तो पूर्व पॅसिफिकचाच. झरे मात्र हिंदी महासागरातही आहेत. गोव्यातली ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था (एनआयओटी) यांनी डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका जिवंत झऱ्याचे फोटो मिळवले. या महासागरातल्या झऱ्यांवर लोखंडी खवल्यांची एक गोगलगाय राहते, तीही अशाच पाळलेल्या जिवाणूंवर. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, विचारायला हवं खरं तर.