पाच वर्षांचा बाँड की दोन वर्षांचा

नीटचा निकाल १३ जून २०२३ ला रात्री लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आत्या दारात हजर. आत्या तीस वर्षं इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होती, त्यामुळे आमच्या घरात डॉक्टरकीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. तिनं चष्मा लावून मार्क पाहिले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "इथलं एमजीएम मेडिकल कॉलेज नाही मिळायचं. पण सरकारी कुठेतरी नक्की मिळेल, बघ." तेव्हा ते ऐकून मला रडू आलं होतं. लोकमान्य नगरातून एमजीएमला स्कूटीवर जाण्याचं स्वप्न मी दोन वर्षं पाहिलं होतं.

बाबा इंदूरच्या छावणी भागात धान्याच्या पेढीवर हिशेब लिहितात. आई घरी शिवण करते. धाकटा भाऊ तेव्हा आठवीत होता. म्हणजे माझं मेडिकल हे फीच्या आकड्यावर अवलंबून होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं. आधार होता तो मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेचा. मध्य प्रदेशचा रहिवासी, घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत, बारावीला एमपी बोर्डातून ७० टक्के किंवा सीबीएसईतून ८५ टक्के आणि नीटमधून मिळालेली जागा, एवढं जुळलं की शासन फी भरतं. कॉलेज सरकारी असो की राज्यातलं खासगी. मला सीबीएसईत ९१ टक्के होते. आम्ही सुटलो, असं मला वाटलं.

कागदांची धावपळ सगळ्यांचीच होते, म्हणून थोडक्यात सांगते. मूळ निवासी आणि आय (म्हणजे उत्पन्नाचं) प्रमाण पत्र लोक सेवा केंद्रातून आधीच काढून ठेवा. समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) वरचं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर एक आहे का ते पाहा. माझ्या समग्रमध्ये बाबांचं नाव एका जागी अर्धंच होतं. ते दुरुस्त करायला अकरा दिवस गेले आणि त्या अकरा दिवसांत आईनं उपासही केले.

खरी गोष्ट सुरू झाली चॉइस फिलिंगपासून, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्यापासून. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कियोस्कवाल्या दादांच्या दुकानात बसून आम्ही क्रम लावला. इंदूर, भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर, रीवा, मग रतलाम, खंडवा, विदिशा. त्याखाली इंदूरचं एक खासगी कॉलेज आणि त्याच्याही खाली राज्याच्या पूर्वेकडचं शहडोल. शहडोल खाली का, तर लांब म्हणून, एवढंच कारण. आजीला ते नाव उच्चारतासुद्धा येत नव्हतं. "मुलीची जात, घरी राहून शिकते तर बरं," असं ती दिवसातून चार वेळा म्हणायची, आणि ती प्रेमानंच म्हणायची.

पहिल्या फेरीत इंदूरचं खासगी कॉलेज लागलं.

त्या संध्याकाळी घरी श्रीखंड आलं. फी वर्षाला दहा लाखांच्या वर, पण ती शासन भरणार. घरून जाणं-येणं, आईच्या हातचा डबा, रात्री आपल्या बिछान्यात झोप. याहून चांगलं काय असणार? जेवण झाल्यावर बाबांनी योजनेची माहितीपत्रिका मागितली. त्यांना कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. पेढीवर चाळीस वर्षांच्या वह्या सांभाळणारा माणूस. त्यांनी पेन्सिल घेतली, पाठकोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: जमा, नावे.

जमेला एकच ओळ होती, पूर्ण फी. नावे बाजू भरत गेली. सरकारी कॉलेजात या योजनेतून शिकलं तर दोन वर्षं ग्रामीण भागात सेवा, नाहीतर दहा लाखांचा बाँड. खासगीत शिकलं तर पाच वर्षं सेवा, नाहीतर पंचवीस लाख. मेस आणि कॉशन मनी, म्हणजे अनामत रक्कम, योजनेत धरत नाहीत. सरकारी कॉलेजाची फी शासन थेट कॉलेजाला देतं, खासगीची विद्यार्थ्याच्या खात्यात येते. म्हणजे कॉलेज आधी मागणार आणि शासनाचे पैसे मागून येणार.

ही शेवटची ओळ लिहून बाबा थांबले. "आधी कोण भरणार?" एवढंच विचारलं त्यांनी.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात फोन केला. उत्तर आलं की स्कॉलरशिप हा तुमचा आणि शासनाचा मामला आहे, आम्हाला प्रवेशाच्या वेळी फी हवी. बँकेत गेलो. शिक्षण कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं, आणि आमच्याकडे तारण म्हणजे हे दोन खोल्यांचं घर. बाबांनी घराचे कागद कपाटातून काढले आणि परत ठेवले. शेवटी पेढीच्या शेठजींनी उचल दिली, आईची एफडी मोडली आणि अर्ध्या फीचा डीडी निघाला. उरलेल्या रकमेसाठी कॉलेजानं पुढच्या तारखेचे चेक घेतले. प्रवेश घेतला, पण फॉर्मवर अपग्रेडेशनला 'हो' लिहिलं. त्याचा अर्थ असा की दुसऱ्या फेरीत वरची जागा लागली तर ही पहिली आपोआप जाते, मग मागे फिरता येत नाही. आणि दुसऱ्या फेरीच्या यादीत शहडोल वर घ्यायचं की नाही, हे आम्हाला दहा दिवसांत ठरवायचं होतं.

मी वयाचा हिशेब मांडला. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे चोविसावं. दोन वर्षं सेवा धरली तर सव्वीस. पाच धरली तर एकोणतीस, आणि त्यानंतर पीजी. गावात काम करायला माझी ना नव्हती, आजही नाही. पण घरी राहायला मिळावं म्हणून वरची तीन वर्षं आज लिहून द्यायची, आणि मन बदललं तर पंचवीस लाख, हे अठराव्या वर्षी सही करण्यासारखं होतं का?

आत्याचं म्हणणं वेगळंच होतं. तिला पैशांत रस नव्हता. "तू त्या खासगी हॉस्पिटलची ओपीडी पाहिलीस?" तिनं विचारलं. "डॉक्टर पेशंटपाशी उभा राहून होतो गं. बिल्डिंगनं होत नाही." म्हणून एका मंगळवारी आम्ही दोघी गेलो. साडेदहाची वेळ. लॉबी चकाचक, एसी चालू, आणि मेडिसिनच्या ओपीडीबाहेर सात माणसं. वॉर्डात आत्या रांगेनं पलंग मोजत गेली. चादरी घडी न मोडलेल्या. बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत ती काही बोलली नाही.

मग बाबा म्हणाले, शहडोलही पाहून येऊ. न बघता नाही म्हणणं बरोबर नाही.

इंदूरहून नर्मदा एक्सप्रेस सुटते, बिलासपूरपर्यंत जाते. रात्र आणि वर जवळजवळ अर्धा दिवस तिच्यात जातो. जबलपूरनंतर कटनी, उमरिया, आणि मग खिडकीबाहेर सालाचं जंगल सुरू होतं. बाबा खिडकीशी बसून होते. त्यांनी मला सकाळी एवढंच विचारलं, "एकटी येशील जाशील?" मी हो म्हटलं. मला तेव्हा तितकी खात्री नव्हती.

शहडोलचं नाव त्या पावसाळ्यात पेपरात येत होतं. १ जुलै २०२३ ला पंतप्रधानांनी सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन तिथूनच सुरू केलं होतं, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं लक्ष्य ठेवून. मला तोवर सिकल सेल म्हणजे बायोलॉजीच्या पुस्तकातली एक आकृती होती, कोयत्याच्या आकाराची लाल पेशी, जनुकातला एक बदल, परीक्षेत दोन मार्क. बिरसा मुंडा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पर्ची (केसपेपर) काढायच्या खिडकीसमोर मी उभी राहिले तेव्हा रांग दारातून बाहेर गेलेली होती. गोंड, बैगा आदिवासी बायका पाठीला मुलं बांधून जमिनीवर बसलेल्या. मी एका भिंतीला टेकून घड्याळ लावलं आणि वीस मिनिटं माणसं मोजली. त्र्याऐंशीवर सोडून दिलं.

एका सिनियर ताईशी बोलणं झालं, दुसऱ्या वर्षाची होती, भोपाळची. मी तिला होस्टेलबद्दल विचारत होते, ती मला केसेसबद्दल सांगत होती. कुठल्या मुलाची प्लीहा केवढी हाताला लागली, कुठल्या बाईचं हिमोग्लोबिन चारवर होतं. तिचं बोलणं मला अर्धंही कळलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला हवं होतं, हे कळलं.

परतीच्या गाडीत बाबांनी तो जमा-नावेचा कागद खिशातून काढला आणि शहडोलसाठी दुसरी रेघ मारली. जमेला फी, नावे दोन वर्षं. मेस आपलीच, शिवाय होस्टेलचाही खर्च. गाडीभाडं. मग थोडं थांबून जमेच्या बाजूला त्यांनी लिहिलं, 'पेशंट'. आकडा लिहिला नाही.

घरी आल्यावर वाद झालाच. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काका फोनवर म्हणाले, नवीन कॉलेजं कशी असतात माहीत आहे का, तिथे शिकवायला कोण जातं, इंदुरात सगळं सोडून जंगलात काय पाठवताय पोरीला. आईनं मात्र माझ्याकडे पाहून विचारलं, "तुला तिथे भीती वाटली का?" मी म्हटलं, "वाटली. पण परत जावंसंही वाटलं." तिनं शिवणयंत्रावरचं पातळ बाजूला सारलं आणि काकांना सांगितलं, "ती जाईल."

दुसऱ्या फेरीची यादी भरताना कियोस्कवाल्या दादांनी दोनदा विचारलं, शहडोल खासगीच्या वर टाकू ना, नक्की? लॉक केल्यावर बदल होत नाही. मी म्हटलं, टाका. बाबांनी माऊसवर माझा हात धरला आणि लॉकचं बटण आम्ही दोघांनी मिळून दाबलं.

शहडोल लागलं. खासगी कॉलेजातून फी परत यायला पाच महिने लागले, तीही दोन तुकड्यांत, पत्रं लिहून लिहून. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ज्यांना अपग्रेडेशन हवं आहे त्यांनी फीच्या परताव्याचा नियम काउन्सेलिंगच्या पुस्तिकेत आधी वाचावा, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि डीडीची झेरॉक्स जपून ठेवावी, आणि कॉलेजला जे काही विचारायचं ते लेखी विचारावं. फोनवरच्या 'हो जाएगा' ला किंमत नाही. योजनेचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, त्याचीही तारीख आपणच लक्षात ठेवायची. होस्टेलमधल्या माझ्या एका मैत्रिणीची ती एकदा हुकली, आणि पुढचे सहा महिने तिच्या वडिलांनी कसे काढले ते आम्ही पाहिलं आहे.

आता माझं तिसरं वर्ष आहे. मागच्या महिन्यात बालरोगच्या वॉर्डात नऊ वर्षांचा एक मुलगा होता, सिकल सेलचा. दोन्ही पाय दुखत होते. तो रडत नव्हता, फक्त आईचं मनगट घट्ट धरून छताकडे पाहत होता. बोटांच्या खुणा तिच्या मनगटावर उमटल्या होत्या. मला हिस्टरी, म्हणजे आजाराची मागची माहिती, विचारून घ्यायला सांगितलं. त्याची आई माझं हिंदी अर्धं समजत होती, मी तिची बोली पाव समजत होते, त्यामुळे पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात सलाइन सुरू झालं, दुखण्याचं औषध लागू पडायला लागलं आणि पोराची पकड हळूहळू सैल झाली.

दोन दिवसांनी त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी झाली. ती वाहक निघाली. तिला आजार नाही, पण पुढे नवराही वाहक असला तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. सरांनी कार्ड माझ्या हातात देऊन सांगितलं, तू समजाव. मी चार चिंचोके मागवले, तीन एका बाजूला ठेवले आणि एक वेगळा. त्या माउलीनं तो वेगळा चिंचोका बराच वेळ हातात धरला. मग कार्ड पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

त्या रात्री बाबांचा फोन आला. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, थांब, आणि पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. तो कागद अजून त्यांच्याकडे आहे.