तांब्याचं वायसर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी झोप न येणं हा आमच्याकडे आजारच. खापरावरची पुरणपोळी, वाटी वाटी आमरस, कुरडया, भजी एवढं पोटात गेल्यावरही जो जागा राहतो, त्याच्याकडे घरची माणसं संशयानं बघतात. यंदा मी जागा होतो. गल्लीच्या तोंडाशी मंडपवाल्याची जुनी चारशे सात उभी होती. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून कुठेतरी पाणी प्यायला गेलेला, आणि गाडी मिसिंग मारत होती.

धुळ्यात, आग्रा रोडपासून दोन गल्ल्या आत राहून ट्रकच्या आवाजाची तक्रार करणं म्हणजे पांझरेकाठी राहून वाळूची तक्रार करणं. माझी तक्रार आवाजाची नाही, गाळलेल्या आवाजाची आहे. चारशे सातला चार सिलिंडर. आयडलिंगला मिनिटाला साडेसातशे फेरे धरले तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला सहा वेळा पेटायला हवं. एक मेलं की सेकंदाला सहा खड्डे. घरातल्या बाकीच्यांना नुसती घरघर ऐकू येत होती, मला ते खड्डे. कूलरची मोटर, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, बायकोचं शिलाई मशीन, सगळ्यांच्या बाबतीत माझं हेच. लग्नाच्या वरातीत लोक नवरदेव बघतात, मी जनरेटर ऐकत चालतो.

ही खोड नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, टाटा १२१० ट्रकची. आमच्या घरी पाढ्यांच्या आधी फायरिंग ऑर्डर, म्हणजे सहा सिलिंडर पेटण्याचा क्रम, आली. पहिलीत गुरुजींनी सहापर्यंत मोजायला उभं केलं तेव्हा मी खणखणीत आवाजात म्हटलं होतं, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. गुरुजींनी नानांना बोलावून घेतलं. नानांनी सगळं ऐकून विचारलं, ‘मग चुकलं कुठं?’

आजही मला त्या आकड्यांत एक गंमत वाटते. पहिल्या तिघांखाली पुढचे तीन लिहा. एकाखाली सहा, पाचाखाली दोन, तिनाखाली चार. तिन्ही बेरजा सात. नानांच्या गाडीचा मिस्तरी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावताना याच जोड्या धरायचा. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलायला लागले की पहिल्याचे दोन्ही बंद, घाल फट मोजायची पट्टी, फीलर गेज. दुसऱ्याचे डुलले की पाचवा. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसून जोड्या सांगायचो. तो चुकायचा नाहीच, पण मी सांगेपर्यंत थांबायचा.

जुने ड्रायव्हर त्या गाडीला मर्सिडीजच म्हणत. टाटांचा डाइमलर-बेंझशी झालेला १९५४चा करार १९६९ला संपला. नानांची गाडी त्यानंतरची, तीही दुसऱ्या हाताची. पण आग्रा रोडवर कोणी करार वाचत नसे. सहा सिलिंडरचं इंजिन, बाजूला नोझलांना डिझेल पुरवणारा इनलाइन पंप, त्याच्या पोटाला चिकटलेला, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप. जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या, मुंबईला खाली करायच्या, आणि येताना मिळेल तो माल आणायचा.

१९८४च्या उन्हाळ्यात ही गाडी रडायला लागली. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घ्यायची, पांढरा धूर सोडायची. मग जरा चांगली चालायची आणि चढ लागला की पुन्हा पिकअप गायब. ट्रक अड्ड्यावर जेवढी माणसं तेवढी निदानं. कोणी म्हणे पंपाचा टायमिंग हलला, कोणी म्हणे हेड गॅसकेट, कोणी म्हणे डिझेलात पाणी. एकानं तर लिंबू-मिरची बदलायला सांगितली, आणि तीही बदलली. नानांचा भर सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर. सहाच्या सहा नोझल काढून पंपवाल्याकडे गेले, प्रेशर लावून आले, बसवले. दोन दिवस गाडी बरी वाटली. (पैसे खर्च केल्यावर कुठलीही गाडी दोन दिवस बरी वाटते.) तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आखाजीच्या आदल्या रात्री नाना माल घेऊन कसाऱ्याचा घाट चढत होते. आखाजीला गेलेल्या आजोबांच्या नावानं घागर भरायची, आणि थोरला मुलगा म्हणून ती नानांनीच भरायची. रात्रभर चालून सकाळी घर गाठायचा त्यांचा हिशोब होता. गाडी घाटात दर दोन वळणांनी बंद पडत राहिली. क्लीनर चाकाला दगड लावायचा, नाना फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा हातपंप मारायचे. आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. स्क्रू बंद, स्टार्ट, पुढची दोन वळणं. ते घरी आले तेव्हा दिवे लागले होते. घागर काकांनी भरून टाकली होती. तिच्यावरचं खरबूज कोणी तोवर कापलं नव्हतं, एवढंच. नानांनी हातपाय धुतले, घागरीपुढे टेकले, आणि जेवायला बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी घरीच आला. आल्या आल्या त्यानं कुठल्याच नटला हात लावला नाही. बॉनेट उघडलं, गाडी चालू केली, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून एकेका सिलिंडरवर टोक टेकवत गेला. मग मला जवळ ओढून मूठ माझ्या कानाला लावली. आतून टक टक टक, मध्येच एखादी गाळलेली. ‘कितवा?’ मी म्हटलं, तिसरा. थोड्या वेळानं, चौथा. मग पुन्हा पहिला. मला वाटलं मी चुकतोय.

‘एकच जागावर मरस ते नोझल,’ तो म्हणाला. ‘जागा बदलस ते हवा.’

नानांना हे पटेना. हवा येणार कुठून? टाकीपासून पंपापर्यंत डिझेलचा एक थेंब कुठं गळत नव्हता. मिस्तरी हसला. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकललं जातं, तिथं सांधा ढिला झाला तर गळतं, डोळ्यांना दिसतं. फीड पंपाच्या मागे ते ओढलं जातं. तिथं सांधा ढिला झाला तर बाहेर काही येत नाही, बाहेरची हवा आत जाते. वरून बघावं तर सगळं कोरडं ठणठणीत. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरतं, म्हणून सकाळचं रडगाणं.

त्यानं पाच लिटरचा कॅन केबिनच्या आरशाला टांगला आणि नळी थेट फीड पंपाला जोडली. एअर काढली, स्टार्टर मारला. इंजिन असं चाललं की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणजे पंप चांगला, नोझल चांगले, टायमिंग चांगला. दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात. मग जुनी लाइन पुन्हा जोडून तो एकेका सांध्यावर ग्रीसचा गोळा थापत गेला. थापायचा, ऐकायचा. शेवटचा गोळा फीड पंपाच्या बँजो बोल्टवर, म्हणजे पाइप पंपाला जोडणाऱ्या पोकळ बोल्टवर, बसला आणि आवाज सरळ झाला.

बोल्ट खोलला. बँजो बोल्टला दोन वायसर, म्हणजे वॉशर, असतात, तांब्याची, एक अलीकडे, एक पलीकडे. एक नवं, लालसर. दुसरं काळं, कडक, कडेला चिरलेलं.

मिस्तरीनं आधी वायसरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच फीड पंपाची जाळी साफ केली होती. सुटे भाग डिझेलच्या ताटात धरून बसायचं काम माझं. त्यानं दोन नवी वायसरं माझ्या हातात दिली होती. नवं तांब्याचं वायसर दहा वर्षांच्या पोराला कसं दिसतं, हे ज्यानं हातात धरलंय त्यालाच कळेल. त्याची अंगठी होते, त्यातून सूर्य बघता येतो. मी एक खिशात घातलं आणि त्याच्या जागी ताटातलं जुनं पुढे केलं. दिसायला तर सारखंच.

नाना म्हणाले, ‘काय शे?’

‘काही नही,’ मिस्तरी म्हणाला. ‘वायसर कडक व्हई गयतं.’ मग त्यानं ते जुनं वायसर सांडशीत धरून आमच्याच स्टोव्हवर लालबुंद केलं आणि पाण्याच्या तांब्यात टाकलं. चर्र आवाज आला. असं केलं की तांबं पुन्हा मऊ होतं. वायसर घासून, पुसून बसवलं आणि तो चहा न घेता गेला. मला एक शब्द बोलला नाही. त्यानंतरही कधी नाही.

तर यंदाची दुपार. मी उठलो, सणाचा पांढरा पायजमा घातलेला होता तसाच बाहेर गेलो. ड्रायव्हर म्हणजे विशीतलं पोरगं, पाण्याची बाटली घेऊन येत होतं. मी काही न विचारता गाडीखाली वाकलो आणि फीड पंपाचा बँजो बोल्ट हातानं चाचपला. घट्ट. ग्रीस मागितलं. त्यानं दिलं. थापलं. काही फरक नाही. मी पुन्हा थापलं.

‘काका,’ पोरगं म्हणालं, ‘नोझल शे. मालक म्हणस, लगीनसराई व्हई जाऊ दे, मंग दखू.’

त्याच्याकडून सतराचा पाना घेतला. एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा ढिला करायचा, फडकं धरून, कारण ती धार कातडी फोडू शकते. (नव्या कॉमन रेल गाडीत हा उद्योग चुकूनही करू नये.) चालू सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिन बसतं, मेलेल्याचा केला की त्याला पत्ताही लागत नाही. पहिला, बसलं. दुसरा, बसलं. तिसरा, काही नाही. तिसऱ्याचं नोझल. आणि खड्डा तर सुरुवातीपासून एकाच जागी पडत होता. अंथरुणावरून ऐकू येत होता. दहा वर्षांच्या पोरानं सांगितलं असतं.

‘काका, तुमी मिस्तरी शेतस का?’

‘बँकेत होतो,’ मी म्हटलं.

तो खुर्च्या घेऊन तीन सिलिंडरवर लग्नाला गेला. बायकोनं पायजम्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही, हे जास्त वाईट.

वायसर अजून आहे. देव्हाऱ्याच्या खणात, जुन्या नाण्यांबरोबर. सुनेनं एकदा ते चिंचेनं घासून लख्ख केलं, तिला वाटतं कुठल्या तरी देवस्थानची अंगठी असेल. आता आखाजीला नानांची घागर मी भरतो. सकाळी वर खरबूज ठेवताना यंदा सांगून टाकू असं मनात होतं. दरवर्षी असतं. मग आगारीचा, पितरांसाठी विस्तवावर घातलेल्या घासाचा, धूर डोळ्यांत जातो, पोरं भुकेनं घाई करतात, आणि राहून जातं.