नोंद सातवी : सड्यावर मेख शिरत नाही

शनिवारी रात्री २ वाजून ४० मिनिटांनी तंबूचा पूर्वेचा तणावा (ताणून बांधायची दोरी) तुटला आणि दंवानं चिंब झालेला फ्लाय (तंबूवरचं बाहेरचं कापड) सपकन माझ्या तोंडावर आला. ओढ बसून तुटला असता तर इतकं वाईट वाटलं नसतं. जांभ्या दगडानं कापला. सकाळी पाहिलं तर दोरीचं टोक दाढीच्या ब्रशासारखं पिंजलेलं. बंड्या शेजारी घोरत होता. त्याला पाच मिनिटांनी जाग आली आणि पहिला प्रश्न काय, तर "वारा सुटलाय का रे?"

म्हैस (माझा जुना तंबू) विकून कासव (हा नवा) घेतलं तेव्हा बऱ्याच जणांनी माझी उडवली होती, की सातारच्या थंडीला एवढा दणकट तंबू कशाला. थंडीसाठी नाहीच घेतला. चाळकेवाडीच्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर) पवनचक्क्या कुणी हौसेनं उभ्या केलेल्या नाहीत, एवढं ध्यानात घ्या. थंडीचं म्हणाल तर परवा बाहेर ८.१ अंश होते आणि आत १०.३. म्हैशीतही एवढाच फरक पडायचा. ऊब मॅट आणि स्लीपिंग बॅग देतात, तंबू फक्त वारा आणि दंव अडवतो. त्यामुळं "उणे २० अंशांपर्यंत चालेल" असं छापून तंबू विकणाऱ्याकडून मी तरी काही घेणार नाही. तंबूला तापमान नसतं हो. त्याला पोल असतात, आणि ते एकमेकांना किती ठिकाणी छेदतात ते मोजायचं. म्हैशीचे दोन फायबरचे पोल डोक्यावर एकदाच भेटायचे. कासवाचे तीन अ‍ॅल्युमिनियमचे पोल चार ठिकाणी भेटतात, फ्लाय जमिनीला टेकतो, आणि इनरला (आतल्या तंबूला) खालच्या अर्ध्या भागात जाळीऐवजी कापड आहे, म्हणून सड्यावरची तांबडी धूळ नाकात जात नाही. वजन २.९ किलो. या सगळ्यावर मी खूश आहे. रडगाणं सगळं जमिनीशी आहे.

जागा तीच, सड्यावरचे शेतकरी आबा, त्यांच्या वावराची वरची कड. (कुणीतरी पुन्हा विचारलं होतं, कासच्या पठारावरच का नाही लावत? तिथं लावायचा नसतो म्हणून. आणि परवानगी असती तरी लावला नसता. डिसेंबरात ते पठार मेल्यासारखं दिसतं, पण त्या चार बोटं मातीत वायतुऱ्यापासून कितीतरी वनस्पतींचे कंद झोपलेले असतात. त्यात मेखा ठोकायच्या म्हणजे झोपलेल्या माणसाच्या पोटात ठोकल्यासारखं.) आबांच्या कडेला वीतभर माती आहे असं मला वाटलं होतं. पहिली मेख दोन इंच गेली आणि टण्ण वाजली. दुसरीही तशीच. तिसरी वाकली. पुण्याहून मागवलेल्या, तीन धारांच्या, "खडकाळ जमिनीसाठी खास" म्हणून दुप्पट दर लावलेल्या मेखा या. दुकानाचं नाव घेत नाही, पण त्यांचा खडक आणि आपला जांभा यांची ओळख झालेली नाही एवढं नक्की.

जांभ्याची गंमत माहीत असेलच. खणताना चिरा मऊ असतो, उघड्यावर आला की टणक होत जातो. वावराच्या कडेचा कातळ कित्येक पिढ्या ऊन खात बसलेला, त्याला माझी सळई काय करणार? ८ मिमीची सळई कापून आणि टोक काढून एका मित्रानं एमआयडीसीतून दिली होती. तिनं कातळाला एक टवका पाडला आणि हातोड्यानं माझ्या अंगठ्याला दुसरा. पहारीनं भोक पाडून बघू असं बंड्या म्हणाला, पण दुसऱ्याच्या जमिनीत एका रात्रीसाठी बारा भोकं पाडायची हे मनाला पटेना.

मग त्या पहिल्या रात्री सगळे करतात तेच केलं : धोंडे. दोरी धोंड्याला गुंडाळली, ताणली, झोपलो. चुका दोन झाल्या. एक म्हणजे दोरी थेट जांभ्यावर घासत होती. जांभा म्हणजे किसणीच, दंवानं दोरी सैल झाली, फ्लाय फडफडला, आणि दर फडफडीला दोरी किसली गेली. दुसरी चूक वाऱ्याची. संध्याकाळी वारा पश्चिमेचा होता, म्हणून कासवाची शेपूट पश्चिमेला करून तिकडचे तणावे जीव लावून बांधले आणि दाराकडचे उरकले. मध्यरात्रीनंतर वारा पडला आणि फिरून पूर्वेकडून आला, थेट दारात. थंडीत सड्यावर हे असं होतं, हे मला आबांनी सकाळी चहा पिताना सांगितलं. आदल्या संध्याकाळी मी विचारलं नव्हतं.

त्यानंतरचा आठवडा मी एकच काम केलं. बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा असतो ना, तो घेऊन रोज संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी धोंडे ओढत बसलो. फिरायला येणारी मंडळी थांबून बघायची. एका आजोबांनी "काय मोजताय?" विचारलं, मी "धोंडा" म्हणालो, त्यांनी मान डोलावली आणि गेले.

आधी हिशेब, वाऱ्याची ओढ किती ते कळावं म्हणून. ताशी २५ किमी वारा उभ्या कापडाच्या एका चौरस मीटरवर साधारण ३ किलोचा रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे ५० च्या झोताला १२ किलो. कासवाची आडवी बाजू दोन चौरस मीटर धरली तर २४ किलो, आणि तो रेटा दोन-तीन तणाव्यांवर वाटला जातो. म्हणजे एका जागेनं किमान १२ किलो तरी सोसायला हवेत, आणि झटक्यासाठी वर थोडं.

आता काटा काय म्हणाला ते. १० किलोचा धोंडा कातळावर नुसता ठेवला तर ४.८ किलोला घसरला. इथंच माझा चेहरा उतरला, कारण त्या रात्री आमचे धोंडे आठ-नऊ किलोंचेच होते. दोरी कापली गेली नसती तर धोंडा सरकला असता, एवढाच फरक. कातळाच्या भोकात मेख आडवी अडकवून बघितली. जिथं बसली तिथं झकास, १८ किलोपर्यंत हलली नाही, पण हवं तिथं भोक असेल तर ना! बारा जागांपैकी तीन ठिकाणी मिळालं. शेवटी लहान-मोठ्याची जोडी लावली. दोरीचा फास मुठीएवढ्या दगडाला, तो दगड मागे, आणि त्याच्या पुढं, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याच्या बुडाशी पाचरीसारखा अडकतो. तोच १० किलोचा धोंडा, पण आता १३.६. मोठा धोंडा थोड्या खळग्यात बसवला तर १६. बंड्याला फोन करून आकडा सांगितला, तो म्हणाला "बरं". काही माणसांना आनंद कळत नाही.

किसणीवरचा उपाय फुकटात मिळाला. सायकलची जुनी ट्यूब. वीतभर तुकडे कापले, दोरीचा दगडाला लागणारा भाग त्यातून ओवला. शिवाय ट्यूबचीच एक कडी तणाव्याच्या मध्ये घातली की झटका तिथं जिरतो. पोवई नाक्याजवळच्या पंक्चरवाल्यानं सहा ट्यूबा दिल्या, पैसे घेतले नाहीत, फक्त तंबू म्हणजे नक्की काय करता ते विचारलं.

हे सगळं घेऊन या शनिवारी परत वर. बोगदा ओलांडला, सज्जनगडाचा फाटा मागं टाकला, ठोसेघरला पाणी भरलं आणि दिवस मावळायच्या आत तंबू उभा. दोन्हीकडचे तणावे सारखे बांधले. वारा बरा होता, जोड्या जागच्या हलल्या नाहीत. आणि तरीही अकरा वाजता फ्लाय लोंबायला लागला.

खरा छळ हा. कासवाचा फ्लाय सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा आहे. नायलॉन ओलं झालं की लांबतं. निरभ्र रात्री कापड आकाशाकडं ऊब फेकून भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडतं, त्यावर दंव बसतं, कापड सैल होतं, इनरला चिकटतं, आणि आपल्या श्वासाची वाफ आत साचलेली असते ती गळ्यावर ठिबकते. दोन माणसांची रात्रभराची वाफ म्हणजे अर्धा लिटर सहज. पॉलिस्टरचा घेतला असता तर हे फारसं झालं नसतं, हे मला घेताना माहीत होतं. नायलॉन फाटायला चिवट म्हणून घेतला. आता भोगतोय. दोन रात्री मी अकराला, दोनला आणि चारला उठून गाठी ओढल्या आहेत. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माणूस रात्री तीनदा उठतो तो तंबूसाठी नव्हे.

रविवारी सकाळी आबा आले. तंबूभोवती एक फेरी मारली, तणावा बोटानं दाबून बघितला.

"दावं सैल पडलं तुझं."

"पडतंच आबा. दंवानं कापड वाढतं."

"मग ताणून कशापायी बांधतोस? गंजीला आम्ही कुठं ताणून बांधतो? वरनं दोरी टाकायची, दोन्ही टोकांला धोंडं लोंबतं सोडायचं. गंज बसंल तशी दोरी खाली येती. ताणून बांधली आसती तर चार दिसांत ढिली."

मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा. आठवडाभर काटा घेऊन बसलो, आणि उत्तर कडब्याच्या गंजीवर लोंबत होतं.

तिथल्या तिथं केलं. तणाव्याच्या मधोमध सातशे ग्रॅमचा दगड सुतळीनं टांगला. दोरी मध्ये झुकली, ओढ कायम. बाटलीनं फ्लायवर पाणी ओतलं, पंधरा मिनिटं थांबलो. कापड सैल झालं, दगड चार बोटं खाली आला आणि फ्लाय तसाच ताठ! झोत आला की दगड वर उचलला जातो, म्हणजे झटकाही तोच खातो, ट्यूबची कडी लागेलच असं नाही. सोमवारी सुट्टी टाकून एकटाच राहिलो, खास याच्यासाठी. सहा तणाव्यांना सहा दगड. रात्री एकदाही उठलो नाही. पहाटे पाचला माथ्यावर हात फिरवला, झोल जेमतेम एक बोट. बाहेर ६.९ अंश, पवनचक्क्यांचे तांबडे दिवे लुकलुकताहेत, आणि तंबू ढोलाच्या पानासारखा. बाहेरच्या पडवीत, दोन्ही बाजू उघड्या ठेवून, स्टोव्ह लावला (आत कधीही नाही, विषारी वायूला वास नसतो) आणि दोन कप चहा एकट्यानं प्यालो. शेकोटी यंदाही नाही. गवत वाळून कोळ झालंय, एक ठिणगी आणि वणवा सगळ्या डोंगरावर.

तोटा एकच. अंधारात टांगलेले दगड नडगीला लागतात. दोन लागले. जुन्या पांढऱ्या बनियनच्या चिंध्या बांधल्यात.

आता बेत. पुण्याहून ३ मिमीची जाड दोरी आणि आणखी बारा मेखा मागवायच्या होत्या, ते रद्द. त्याऐवजी राजवाड्याजवळच्या एका शिंप्याकडं ताडपत्रीच्या आठ पिशव्या टाकल्यात, ३० बाय ४० सेंटीमीटर, साठ रुपये नग. जिथं धोंडेही मिळत नाहीत तिथं मुरूम भरायचा, निघताना तिथंच ओतून द्यायचा. पिशवी रिकामी असली की वजन नाही, हा मेखांपेक्षा मोठा फायदा.

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय : फेब्रुवारीत उत्तराखंडातल्या केदारकांठ्याला जायचंय, तिथं बर्फात मेख अशीही उभी राहत नाही. तिथं याच पिशव्या बर्फ भरून आडव्या पुरता येतील. वर बर्फ तुडवून घट्ट केला की रात्रीत गोठून बसतात. फक्त हातमोजे घालून भरायच्या म्हणजे तोंड रुंद हवं आणि नाडी जाड. शिंप्याला आत्ताच फोन केला. चार शिवून झाल्यात, उरलेल्या चार रुंद तोंडाच्या करतो म्हणाला, पण दहा रुपये जास्त. दिले. टांगत्या दगडाचं काय, बर्फात दगड कुठून आणायचा? पाण्याची बाटली टांगता येईल, पण ती गोठेल. गोठली तरी वजन तेवढंच, नाही का? फुटली नाही म्हणजे झालं. अर्धीच भरायची. बंड्याच्या घरच्या फ्रीजरमध्ये आज रात्री एक ठेवतोय, वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

दाराच्या आतल्या बाजूची ओल मात्र तशीच आहे. वरची खिडकी उघडी ठेवली तर कमी होते, पण पाय गारठतात. पुढच्या खेपेला दार आबांच्या आंब्याखाली करून बघणार, झाडाखाली दंव कमी बसतं. आबांनी येताना कंदी पेढे आणायला सांगितलेत, पाव किलो नको म्हणाले, अर्धा. आणि काट्याचे सेल गेलेत, तेही आणायचेत.