खिडकीवाला स्कर्ट

साधा सरळ स्कर्ट गरोदरपणात पोट वाढलं की दोन ठिकाणी दगा देतो. कमरेला बसत नाही हे तर आलंच. शिवाय पोटावरून जाताना कापड वर ओढलं जातं, पुढची कड मागच्यापेक्षा वर चढते आणि बाजूच्या शिवणी पुढे झुकतात. गुंडाळी स्कर्टात कंबर सैल करता यायची, पण कड चढायचीच. १९३८ मध्ये अमेरिकेत, डॅलसमध्ये, एल्सी फ्रँकफर्टने गरोदर बहीण एडनासाठी स्कर्ट बेतताना पोटावरचं कापडच कापून काढलं, तिथे खिडकीच ठेवली. त्यातून त्यांची पेज बॉय ही कंपनी उभी राहिली आणि या रचनेचं पेटंटही निघालं. पुढे घरी शिवायच्या पॅटर्नमध्येही, म्हणजे पाकिटात मिळणाऱ्या बेतायच्या कागदी नमुन्यांतही, खिडकीचा स्कर्ट आणि वरून सैल टॉप हीच जोडी रुळली. १९४० आणि ५० च्या दशकांतल्या गरोदरपणाच्या कपड्यांत इतकी नेमकी गोष्ट दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

असा जुना पॅटर्न घेताना पाकिटावरच्या नंबरावर जाऊ नका, इंचात दिलेली छाती बघा. अमेरिकन पॅटर्नचा १४ नंबर १९५० च्या सुमारास ३२ इंच छातीचा होता, त्या दशकाच्या उत्तरार्धात ३४ चा झाला आणि १९६८ च्या नव्या मापांत ३६ चा. निवडायचं ते दिवस जाण्याआधीचं माप. वाढीसाठीची सैल जागा पॅटर्नमध्ये आधीच धरलेली असते. आजच्या छातीवरून मोठा नंबर घेतला तर खांदे आणि गळा उगाच रुंद होतात, बाही दंडावर उतरते आणि टॉप मागे घसरत राहतो.

जुन्या पॅटर्नचे काही कागद कोरे असतात. छपाई नाही, फक्त भोकं आणि कडेला कच, म्हणजे खुणेचे छोटे काप. त्या भोकांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून सूचनापत्रक नसलेलं पाकीट टाळलेलं बरं. कागद ठिसूळ झालेला असतो. कोमट इस्त्री वाफेशिवाय फिरवा, दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या आणि मूळ कागद परत पाकिटात ठेवा.

आता खिडकी. पॅटर्नमध्ये नसेल तर कुठल्याही सरळ स्कर्टात काढता येते. पुढचा भाग मधोमध घडी घालून ठेवा. मधल्या रेषेवर कमरेपासून ७ इंच खाली एक खूण, कमरेच्या रेषेवर घडीपासून साडेतीन इंचांवर दुसरी. दोन्ही खुणा गोलाईने जोडा. कोपरा ठेवू नका, चालताना सगळा ताण तिथेच येतो आणि कापड तिथूनच फाटतं. खिडकी कमरेच्या हाडापर्यंत रुंद नेली तर स्कर्टाला धरायला काही उरत नाही, तो खाली सरकतो. आधी मांजरपाटावर कापून, पोटाला छोटी उशी बांधून बघा.

कापल्यावर लगेच कडेपासून पाव इंच आत एक टीप मारा. दोन्ही बाजूंनी वरून खाली, तळाच्या मध्यापर्यंत. गोलाईवर कापड तिरकं होतं आणि नुसतं हाताळूनही ताणतं, टीप राहून गेली तर खिडकीची कड लोंबते. मग सव्वा इंच रुंदीची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा. तळाच्या गोलाईत पट्टी किंचित ताणून धरायची, नाहीतर ती उभी राहते आणि टॉपमधून वळ दिसतो. कंबरपट्टी खिडकीच्या दोन्ही टोकांशी संपवा आणि प्रत्येक टोकाला अर्धा इंच रुंद, १८ इंच लांब अशी एकेक चपटी फीत पक्की शिवा. गोल नाडी रुतते. महिने वाढतील तशी गाठ सैल करत जायची, कड मात्र जागची हलत नाही. स्कर्टाला न ताणणारं, भरीव कापडच हवं.

टॉप खिडकीच्या तळाखाली निदान ६ इंच यायला हवा, नाहीतर हात वर केला की खिडकी उघडी पडते. त्याचा घेर कमरेतून नव्हे, योकपासून, म्हणजे खांद्यालगतच्या वेगळ्या जोडलेल्या भागापासून, सुटलेला असावा. घेर कमी वाटला तर बाजूच्या शिवणीत वाढवू नका, तिथे वाढवलेलं कापड काखेखाली नुसतं लटकतं आणि पोटावर ताण तसाच राहतो. खालच्या कडेपासून योकपर्यंत उभा छेद देऊन कागद पसरवा. आणि पुढची लांबी मध्यावर २ इंच जास्त ठेवा, बाजूच्या शिवणीशी ती शून्यावर आणा. उशी काढल्यावर पुढचं टोक लोंबताना दिसतं, ते छाटायचा मोह होतो. छाटू नका, सातव्या महिन्यात ते दोन इंच पोटावर खर्ची पडतात आणि कड सरळ येते.